बोट, चेहरा आणि पिन: दारांची यंत्रं बसवणाऱ्याच्या अनुभवातून

दारावर ठशाचं यंत्र बसवलं की त्यात पहिलं बोट माझं जातं. वायरिंग नीट आहे का, रिले, म्हणजे कुलूप सोडणारा स्विच, चालतो का, कुलूप सुटतं का, हे बघायला कोणाचं तरी बोट लागतं आणि त्या वेळी शिडीवर मीच असतो. काम संपलं की ती नोंद पुसायची असते. एका ठिकाणी ती पुसायची राहून गेली. दोन वर्षांनी बॅटरी बदलायला मी पुन्हा तिथे गेलो. आतून कोणी येईपर्यंत थांबलो होतो, सहज उजवी तर्जनी काचेवर टेकवली आणि दार उघडलं. आत लोकांच्या पगाराच्या फायली होत्या, आजारपणाचे कागद होते. दोन वर्षं ते दार माझ्यासाठी उघडं होतं आणि कोणाला पत्ता नव्हता. मलाही नव्हता.

त्याच दिवशी तिथल्या व्यवस्थापकांना शेजारी बसवून यंत्रातली यादी काढली. कामावर माणसं ३७ आणि नोंदी ५२. जास्तीच्या १५ मध्ये एक माझी, बाकीच्या नोकरी सोडून गेलेल्यांच्या. यंत्र बिघडलेलं नव्हतं. सांगितलेलं काम ते चोख करत होतं.

म्हणून ‘बायोमेट्रिक, म्हणजे बोट-चेहऱ्यावरून ओळखणारं कुलूप, सुरक्षित असतं का हो’ असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो: तुमच्या फोनमध्ये, तुमच्या दारावर, आत्ता कोणाकोणाची बोटं नोंदलेली आहेत? याचं उत्तर चटकन देणारा माणूस मला क्वचितच भेटतो. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

फोन उघडा. सेटिंग्जमध्ये सुरक्षा किंवा स्क्रीन लॉक या भागात ठशांची यादी असते. आत जाताना पिन मागितला जाईल. नोंदी मोजा. नावं ‘फिंगर १’, ‘फिंगर २’ अशी आपोआप पडलेली असतात, त्यावरून काही कळत नाही. पण बऱ्याच फोनमध्ये याच पडद्यावर सेन्सरला बोट लावलं की जुळलेली ओळ उठून दिसते. एकेक बोट लावा, ओळीला नाव द्या: ‘उजवा अंगठा’, ‘डावी तर्जनी’. तुमच्या कुठल्याच बोटानं उजळत नाही अशी ओळ उरली, तर ती पुसा आणि लगेच पिनही बदला. पिन माहीत असल्याशिवाय नवं बोट आत जात नाही, म्हणजे ज्याचं बोट आहे त्याला तुमचा पिन ठाऊक आहे किंवा तुम्ही फोन उघडून त्याच्या हातात दिला होता. चेहऱ्यानं उघडणाऱ्या आयफोनमध्ये दुसरा चेहरा नोंदवायची सोय असते. फेस आयडीच्या पडद्यावर ‘पर्यायी रूप’ जोडायचा पर्यायच दिसत नसेल, तर तिथे दुसरी नोंद आधीच झालेली आहे. ती तुम्ही केली नसेल तर फेस आयडी पूर्ण रीसेट करून नव्यानं नोंदवा.

किती बोटं नोंदवावीत? माझ्या मते दोन, दोन वेगवेगळ्या हातांची. एक कापलं, भाजलं, पट्टीत गेलं तर दुसरं असावं. त्याहून जास्त नकोत, आणि त्यामागे हिशेब आहे. ॲपलच्या म्हणण्यानुसार टच आयडीत, म्हणजे त्यांच्या ठसा ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये, एकच बोट नोंदलेलं असेल तर कोणा परक्या माणसाचं बोट चुकून जुळण्याची शक्यता ५०,०००त एक असते आणि पाच बोटं नोंदवली की ती १०,०००त एक होते. चार आकडी पिन पहिल्याच फटक्यात बरोबर ओळखला जाण्याची शक्यताही तेवढीच. प्रत्येक जास्तीचं बोट म्हणजे कुलपाला आणखी एक किल्ली.

पिन आधी, बोट नंतर

‘बोट आहे ना, मग पिन काहीही ठेवला तरी चालेल’ असं मला सांगणाऱ्यांचे पिन १२३४ किंवा जन्मसाल असतात. या समजुतीनं जितकं नुकसान होतं तितकं बनावट ठशांनी होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

फोन बंद करून चालू केला की बोट चालत नाही, पिनच लागतो. अनेकांना ही कटकट वाटते. पण फोनमधली माहिती कुलूपबंद असते आणि ते कुलूप उघडणारी किल्ली तुमचा पिन आणि फोनच्या चिपमध्ये दडवलेलं एक गुपित, या दोन्हींतून तयार होते. बोटातून ती किल्ली घडत नाही, कारण सेन्सरला तेच बोट दर वेळी थोडं वेगळं दिसतं: कधी ओलं, कधी तिरकं, कधी जोरात दाबलेलं. पिननं एकदा उघडलेला फोन दिवसभर पुन्हा पुन्हा उघडणं, एवढंच बोटाचं काम. आयफोन ४८ तास उघडला गेला नाही किंवा बोट-चेहरा पाच वेळा जुळला नाही, तर पिनवर येतो. अँड्रॉइडचा नियम असा की बोट कितीही छान जुळत असलं तरी ७२ तासांत एकदा तरी पिन विचारायचाच.

म्हणजे बोटाच्या मागे पिनच उभा असतो. तो ज्याला कळला त्याला बोट लागतच नाही. चार आकड्यांचे पिन एकूण १०,००० होतात, सहा आकड्यांचे १० लाख. निदान सहा आकडी ठेवा. आकडे आणि अक्षरं मिसळून ठेवलात तर फारच उत्तम. एरवी बोटानंच काम होत असल्यामुळे लांब पिनचा रोजचा त्रास होत नाही. मला बोटाचा खरा फायदा हाच वाटतो. दिवसातून पन्नास वेळा टाकायचा असता तर सहा-आठ अक्षरी पासवर्ड कोणी ठेवलाच नसता. शिवाय चारचौघांत पिन दाबावा लागत नाही, त्यामुळे मागून डोकावणाऱ्याला तो दिसत नाही.

पिन बघून मग फोन हिसकावण्याचे प्रकार वाढल्यावर ॲपलनं जानेवारी २०२४ मध्ये आयओएस १७.३ बरोबर ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ आणलं. ते सुरू असेल तर नेहमीच्या जागांपासून दूर असताना साठवलेले पासवर्ड बघायला पिन चालत नाही, चेहरा किंवा बोटच लागतं. खात्याचा पासवर्ड बदलायचा तर एक तास थांबून पुन्हा चेहरा दाखवावा लागतो. सेटिंग्जमध्ये जाऊन आजच सुरू करा. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये याच धर्तीचं ‘आयडेंटिटी चेक’ आलेलं आहे. तुमच्या फोनमध्ये असेल तर तेही.

चेहऱ्याबद्दल जरा सावध

सगळे फेस अनलॉक सारखे नसतात. आयफोन १० पासून, म्हणजे २०१७ पासून, फेस आयडी चेहऱ्यावर अदृश्य इन्फ्रारेड किरणांचे ३०,००० हून जास्त ठिपके टाकतं आणि उंचसखलपणा मोजतं. फोटो सपाट असतो, त्यामुळे तो चालत नाही. याउलट पुष्कळ फोनमध्ये फक्त समोरचा साधा कॅमेरा चेहरा बघतो. असे काही फोन चांगल्या छापील फोटोनं उघडतात.

आपल्या फोनमधला प्रकार कुठला हे ओळखायची एक सोपी खूण आहे. अँड्रॉइडमध्ये बायोमेट्रिकचे तीन वर्ग आहेत आणि सगळ्यात भक्कम वर्गालाच ॲपच्या गुप्त किल्ल्या उघडायची मुभा असते. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये बोट चालतं पण चेहऱ्याचा पर्यायच येत नसेल, तर बहुधा तुमच्या फोनचा चेहरा कमकुवत वर्गातला आहे. तसं असेल तर तो बंद करा आणि बोटावर या.

चेहरा वापरायचाच असेल तर डोळे उघडे असण्याची अट चालू आहे ना ते बघा. २०१९ मध्ये गूगलचा पिक्सेल ४ बाजारात आला तेव्हा तो मालकाचे डोळे मिटलेले असतानाही उघडत असे. झोपलेल्या माणसासमोर फोन धरला की झालं. आयफोनमध्ये या अटीला ‘अटेन्शन’ असं नाव आहे. जुळी भावंडं, खूप सारखी दिसणारी भावंडं आणि १३ वर्षांखालची मुलं यांच्या बाबतीत चूक होण्याची शक्यता वाढते, हे ॲपल स्वतःच सांगतं. घरात जुळं असेल तर पिनच बरा.

बनावट ठशांची भीती मात्र लोकांना उगाच जास्त वाटते. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. २००२ मध्ये जपानमध्ये त्सुतोमू मात्सुमोतो या संशोधकांनी जिलेटिनची बोटं करून बाजारातले सेन्सर फसवले होते. २०१३ मध्ये आयफोन ५ एस आल्यावर काही दिवसांतच जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेनं काचेवरच्या ठशाचा फोटो काढून त्यावरून कृत्रिम बोट बनवलं आणि फोन उघडून दाखवला. पण त्यासाठी स्वच्छ ठसा, साहित्य, वेळ आणि तुमच्यामागे लागण्याचं कारण हवं. तुमचा धोका बहुधा याहून जवळ असतो: पिन पाहिलेला माणूस, झोपेत अंगठा धरणारा माणूस, यादीत राहून गेलेलं बोट.

त्यासाठी बटणांची एक युक्ती शिकून ठेवा. आयफोनमध्ये बाजूचं बटण आणि आवाजाचं कुठलंही एक बटण एकत्र धरून ठेवलं की बंद करायचा पडदा येतो. तिथून बाहेर पडलात की चेहरा-बोट बाद, आता पिनच. अँड्रॉइडमध्ये पॉवरच्या यादीत याच कामाचं ‘लॉकडाउन’ असतं; काही फोनमध्ये ते आधी सेटिंग्जमधून सुरू करावं लागतं. प्रवासात झोपण्याआधी, शस्त्रक्रियेला जाण्याआधी, कोणी जबरदस्ती करील असं वाटलं तर, हे करा. दोन-तीन वेळा घरी सराव केला की खिशात हात असतानाही जमतं. दुरुस्तीला फोन देताना पिन लिहून देऊ नका. बऱ्याच फोनमध्ये आता ‘रिपेअर मोड’ किंवा ‘मेन्टेनन्स मोड’ असतो, त्यात तुमची माहिती झाकून फोन तपासता येतो.

ठसा जातो कुठे

बहुतेक यंत्रं बोटाचं चित्र जपून ठेवत नाहीत. रेघ कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, अशा जागा टिपून त्यांचा आकड्यांचा साचा करतात. पुढे दर वेळी नवा साचा जुन्याशी ताडून बघतात. ‘तोच का?’ याचं उत्तर यंत्राला कधीच ठाम हो किंवा नाही असं मिळत नाही, ‘किती सारखा’ एवढंच मिळतं, आणि अमुक इतका सारखा असेल तर दार उघडायचं अशी एक रेषा कोणीतरी ठरवलेली असते. रेषा खाली आणली तर परके आत येतात, वर नेली तर आपलेच बाहेर अडकतात. दोन्ही चुका एकाच वेळी शून्य होत नाहीत.

फोनमध्ये हा साचा चिपच्या एका वेगळ्या, बंद कप्प्यात राहतो. आयफोनमध्ये त्याला सिक्युअर एन्क्लेव्ह म्हणतात. बँकेच्या ॲपला तुमचं बोट मिळत नाही, ‘जुळलं’ किंवा ‘नाही’ एवढाच निरोप मिळतो. म्हणून फोनवर बोट वापरायला मी कोणालाही बिनधास्त सांगतो.

हजारो लोकांचे साचे जिथे एका सर्व्हरवर गोळा होतात, ती गोष्ट वेगळी. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी खात्यातून, ऑफिस ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंटमधून, सुमारे ५६ लाख माणसांचे ठसे चोरीला गेल्याचं जाहीर झालं. पासवर्ड चोरीला गेला तर संध्याकाळपर्यंत बदलता येतो. त्या ५६ लाख माणसांनी काय बदलायचं? म्हणूनच युरोपच्या जीडीपीआर या माहिती जपण्याच्या कायद्यानं ओळख पटवण्यासाठी वापरलेली बायोमेट्रिक माहिती खास जपायच्या गटात ठेवली आहे, आणि अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या २००८ च्या कायद्यानुसार खासगी कंपनीला ती घेण्याआधी लेखी संमती घ्यावी लागते.

तुमच्याकडे कोणी बोट मागितलं तर विचारा: साचा यंत्रात राहणार की सर्व्हरवर? कोणाला दिसणार? मी गेल्यावर कोण पुसणार आणि किती दिवसांत? बोट द्यायचं नसेल तर दुसरा मार्ग कोणता? हे विचारणं म्हणजे भांडण नव्हे. ज्यांच्याकडे व्यवस्था नीट असते ते दोन मिनिटांत उत्तर देतात.

फोनमधल्या बोटाचा मला सगळ्यात आवडणारा उपयोग म्हणजे पासकी, पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली. २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून तिला पाठिंबा जाहीर केला. यात किल्ल्यांची जोडी तयार होते. एक संकेतस्थळाकडे जाते, तिच्याकडे बघून कोणाला काही उघडता येत नाही. दुसरी तुमच्याकडे राहते आणि ती बोटानं किंवा चेहऱ्यानं चालते. ही जोडी त्या एकाच संकेतस्थळाला बांधलेली असते. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर माणूस फसतो, पासकी मात्र तिथे चालतच नाही. आधी ईमेलच्या खात्याला लावा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंका तिथेच येतात. फोन हरवला तर काय, म्हणून दुसऱ्या एखाद्या उपकरणावरही तयार करा आणि खातं परत मिळवायचे कोड कागदावर लिहून ठेवा.

दारावर बसवायचं असेल तर

इथे माझा रोजचा हात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रिले बाहेरच्या यंत्रात ठेवू नका. एकाच डब्यात सगळं असलेली यंत्रं बाहेरच्या भिंतीवर लावलेली मी असंख्य पाहिली आहेत. असं यंत्र स्क्रू काढून भिंतीवरून ओढायचं, मागच्या दोन वायरी एकमेकींना टेकवायच्या, दार उघडलं. बोटाचा प्रश्नच आला नाही. बाहेर फक्त सेन्सर हवा. निर्णय घेणारा कंट्रोलर आणि रिले आत, कुलूपबंद पेटीत. दोघांमधली वायर जुन्या वायगँड पद्धतीची असेल तर तिच्यावरून जाणारी माहिती उघडीच जाते. नवीन काम करत असाल तर ओएसडीपी ही नवी पद्धत मागा आणि त्यातलं सिक्युअर चॅनेल, म्हणजे माहिती झाकून पाठवायची सोय, चालू करून घ्या.

दुसरं, ॲडमिन नेमा. कित्येक यंत्रांत ॲडमिनच नोंदवला नसेल तर मेन्यूचं बटण दाबून कोणीही स्वतःचं बोट घालू शकतं. पासवर्ड कारखान्यातून आलेला असेल तर बदला.

तिसरं, माणसं अडकू नयेत. चुंबकी कुलूप वीज गेली की सुटतं. सुरक्षेसाठी त्याला बॅटरी लागते, पण आगीचा गजर झाला की बॅटरी असूनही ते सुटलंच पाहिजे. आतून बाहेर पडायला बोट मागू नका. धूर भरल्यावर कोणी सेन्सर शोधत बसत नाही. हे मी स्वतः गजर वाजवून तपासल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानत नाही.

नोंदणी घाईत करू नका. हात धुऊन पुसायला सांगा. बोटाचं टोक टेकवून भागत नाही. पेराचा मधला भाग, जिथे रेघांचा भोवरा किंवा कमान असते, तो सपाट टेकला पाहिजे. बोटं कोरडी पडली असतील तर किंचित क्रीम लावून, पुसून, पुन्हा. नोंदणीला दोन मिनिटं जास्त दिली की पुढचे कित्येक महिने लोक दाराशी ताटकळत नाहीत.

आणि तरीही काहींची बोटं उमटत नाहीत. सिमेंटमध्ये, साबणाच्या पाण्यात, रसायनांत आयुष्य काढलेल्यांच्या रेघा झिजतात. वय झालं की कातडी पातळ होते. एका ठिकाणी फरशी पुसणाऱ्या एक बाई रोज पहाटे सगळ्यांच्या आधी यायच्या आणि यंत्रासमोर उभ्या राहून पुन्हा पुन्हा हात पुसायच्या. यंत्र ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणत राहायचं. महिन्याअखेर त्यांचे सहा दिवस गैरहजेरीत गेले. बाई मला म्हणाल्या, ‘भाऊ, माझ्याच बोटात काही खोट आहे का?’ ते मी अजून विसरलो नाही. त्यांच्या बोटात खोट नव्हती. दुसरा मार्ग ठेवला नव्हता, ही आमची खोट होती.

अशा वेळी सोपा वाटणारा उपाय म्हणजे जुळण्याची रेषा सगळ्यांसाठी खाली आणणं. तो करू नका. एका माणसासाठी सगळं दार सैल होतं. त्या बाईंना आम्ही कार्ड आणि पिन दिला आणि गेलेले दिवस हजेरीत धरायला लावले. ज्यांची बोटं अर्धवट उमटतात त्यांना आधी क्रमांक टाकून मग बोट लावायला सांगता येतं. मग यंत्र ५०० साच्यांत शोधत बसत नाही, त्या एकाच माणसाच्या साच्याशी ताडून बघतं आणि चुकीच्या माणसाशी जुळण्याची शक्यताही घटते. जिथे औषधं, पैसे किंवा लोकांचे खासगी कागद असतील त्या दारावर तर मी सगळ्यांनाच हे लावतो: कार्ड आणि बोट, दोन्ही.

यादीसाठी एक माणूस ठरवा. कोणी नोकरी सोडली की त्याच दिवशी नोंद पुसायची, आणि दर तीन महिन्यांनी कामावरच्या माणसांची यादी आणि यंत्रातली यादी शेजारी ठेवून ओळीनं ताडायची. एकापेक्षा जास्त यंत्रं असतील तर प्रत्येकात बघा. सर्व्हरवरून पुसलेलं बोट एखाद्या नेटवर्कपासून तुटलेल्या यंत्रात जिवंत राहतं.

आता काम संपवताना मी ज्याच्या ताब्यात दार द्यायचं त्याला बोलावतो. त्याच्यासमोर माझी नोंद उघडतो, पुसतो, मग दार लावून घेतो आणि माझी तर्जनी काचेवर ठेवतो. लाल दिवा लागतो. डावी तर्जनीही लावून दाखवतो. पुन्हा लाल. मग बेल वाजवतो आणि माझी पिशवी घ्यायला ते मला आत घेतात.